आईला बालवर्गात बसवू नका

नागपूरच्या तरुणांनो आणि तरुणींनो, विशेषतः घराण्यातले पहिले पदवीधर म्हणून ज्यांच्या अभिनंदनाचा फलक गल्लीच्या तोंडाशी झळकला, त्या सर्वांनो, हे आवाहन तुम्हाला आहे. ते ज्यांच्यासाठी आहे त्यांना हा मजकूर वाचता येणार नाही. म्हणून त्यांच्या वतीने तुमच्या दाराशी उभे राहणे भाग पडले आहे.

तुमच्या पदवीची किंमत कोणी मोजली? मांडीवर सूप घेऊन, पाठीचा कणा मोडेपर्यंत वाकून, हजार बिड्यांचा भरणा पुरा करणाऱ्या आईने मोजली. कळमन्याच्या बाजारात पोती वाहणाऱ्या बापाने मोजली. पहाटे इंदोरा-पाचपावलीतून निघून धंतोली आणि रामदासपेठेतल्या घरांची भांडी घासणाऱ्या मावशीने, बांधकामाच्या शिडीवर विटांची घमेली चढवणाऱ्या आत्याने मोजली. तुमच्या शिष्यवृत्तीच्या अर्जावर पालकाची सही म्हणून जो निळा डाग उमटला, तो त्यांच्या अंगठ्याचा होता. त्या डागाची तुम्हाला कधी शरम वाटली असेल तर स्वतःलाच विचारा: शरम कोणाला वाटायला हवी? अंगठा देणाऱ्याला, की त्याच्या हाती लेखणी येऊ न देणाऱ्या व्यवस्थेला?

हिशेब स्पष्ट आहे. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या ४५व्या अनुच्छेदाने राज्यसंस्थेवर कर्तव्य सोपवले होते की दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक बालकाला मोफत व सक्तीचे शिक्षण मिळावे यासाठी प्रयत्न करावा. ती मुदत १९६० साली संपली. आज जिने नुकतीच साठी ओलांडली आहे, ती बाई ही मुदत उलटून गेल्यावर जन्माला आली. तिने शाळेत पाऊल टाकावे अशी व्यवस्था तिच्या जन्माआधीच तयार असायला हवी होती. ती नव्हती. ती होईपर्यंत तिचे बालपण शेणगोठ्यात, धाकट्या भावंडांच्या पाळण्याशी आणि तेंदूपत्त्याच्या गाठोड्याखाली सरून गेले. पुढे २००२ साली घटनादुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्काचा कायदा लागू झाला. पण तो सहा ते चौदा वर्षांच्या बालकांसाठी. म्हणजे जिचा हक्क बुडाला तिलाच वय दाखवून दार लावण्यात आले! ऋणकोने कर्ज बुडवावे आणि धनकोलाच थकबाकीदार ठरवावे, असा हा उलटा न्याय आहे. निरक्षर प्रौढ कोणाच्या दयेचा विषय नाही. तो या प्रजासत्ताकाचा धनको आहे आणि त्याचे येणे अजून बाकी आहे.

२०११च्या जनगणनेत नागपूर जिल्ह्याची साक्षरता ८८ टक्क्यांच्या वर गेली. आम्ही पेढे वाटले. उरलेले साडेअकरा टक्क्यांच्या आसपासचे लोक म्हणजे चार लाखांहून अधिक जिवंत माणसे होती, हे मात्र पेढे वाटताना कोणाच्या लक्षात आले नाही. ही माणसे दूर जंगलात राहत नाहीत. रोज सकाळी ती तुमच्या दाराची कडी वाजवतात.

त्यांना कोणी शिकवायला गेलेच नाही असेही नाही. गेले, आणि बहुतेकदा अपमान करून आले. या गोष्टीकडे मला तुमचे लक्ष वेधायचे आहे, कारण हा अपमान सद्हेतूने होतो आणि म्हणून तो दिसत नाही. पन्नाशीच्या बाईला पहिलीच्या वर्गातल्या बुटक्या बाकावर बसवायचे. तिच्यापुढे कमळाचे आणि खटाऱ्याचे चित्र धरायचे. एका सुरात घोकून घ्यायचे. बरोबर आले की विशीतल्या पोराने तिला ‘शाब्बास’ म्हणायचे, चुकले की सगळ्यांसमोर पुन्हा म्हणायला लावायचे. जिने चार लेकरे वाढवली, नवऱ्याचे आजारपण काढले, ठेकेदाराशी भांडून छाट म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांची मजुरी वसूल केली, तिला तुम्ही शाब्बासकी देता? कोणत्या अधिकाराने? तिसऱ्या दिवशी ती येईनाशी होते आणि अहवालात नोंद होते: प्रौढांमध्ये शिकण्याची आवड नाही.

आवड नाही! कामगाराचा पोटापाण्याचा वेळ, दुखरे गुडघे, घरी चुलीवर चढवायचे आधण, आणि या सगळ्याला बाजूला सारून ती पहिले दोन दिवस आली होती. आवड याहून निराळी कशी असते?

लहान मुलाला शिकवणे हे सोपे काम आहे, असे सुचवण्याचा माझा हेतू नाही. ती एक महान साधना आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला व कोसबाडच्या टेकडीवर आयुष्य वेचून महाराष्ट्राला दाखवले की मूल म्हणजे कोरी पाटी नव्हे. त्याला स्वतःची लय असते, स्वतःचे कुतूहल असते. गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांना शाळेत येता येत नाही म्हणून त्यांनी शाळाच कुरणावर नेली. पण त्याच अनुताई लहानपणीच विधवा झाल्या होत्या, नोकरी करता करता रात्रशाळेत शिकून मॅट्रिक झाल्या आणि पुढे पन्नाशी गाठल्यावर पदवीधर झाल्या. बालशिक्षणाची ही तपस्विनी स्वतः रात्रशाळेची विद्यार्थिनी होती, हे आपण का विसरतो?

बालक आणि प्रौढ यांच्यातला भेद कोणता, हे नीट समजून घ्या. कारण तो समजल्यावाचून तुमचा सारा उत्साह वाया जाईल. बालक उद्यासाठी शिकते, प्रौढ आज संध्याकाळसाठी शिकतो. बालकाला सांगता येते की हे पुढे कधीतरी उपयोगी पडेल आणि ते विश्वास ठेवते, कारण त्याच्यापुढे अख्खे आयुष्य पडले आहे. रोजंदारीवरच्या बाईला ‘पुढे कधीतरी’ परवडत नाही. बचत गटाच्या वहीत तिच्या नावापुढे किती रुपये मांडले, कर्जाच्या हप्त्यातले व्याज किती आणि मुद्दल किती, डॉक्टरने दिलेली कोणती गोळी जेवणाआधीची, मोबाइलवर आलेला सहा आकडी संदेश कोणाला सांगायचा नाही, हे तिला या आठवड्यात हवे आहे. बालकाला कायदा आणि पालक शाळेत धाडतात. प्रौढ स्वतःच्या इच्छेने येतो आणि स्वतःच्या इच्छेने उठून जातो. त्याच्या येण्यात स्वातंत्र्य आहे, म्हणून त्याच्या शिक्षकाला अधिकार गाजवण्याची मुभाच नाही. बालक पडते, हसते, पुन्हा उभे राहते, कारण चुकण्याची लाज त्याला अजून कोणी शिकवलेली नसते. प्रौढाला ती आयुष्यभर शिकवली गेली आहे. बँकेच्या खिडकीपाशी, रेशनच्या रांगेत, पोराच्या शाळेतल्या पालकसभेत तो तीच लाज गिळत आला आहे. तुमच्या वर्गात त्याला ती पुन्हा गिळावी लागली, तर तुम्ही त्याला काय शिकवले?

शरीराचाही विचार करा. आम्ही आदर्शवादी माणसे तो नेहमी विसरतो. बालकाची बोटे कोवळी असतात, त्यांना पेन्सिल धरायला शिकवावे लागते. प्रौढाची बोटे पान कापून, सूत गुंडाळून, फावडे चालवून कठीण झालेली असतात. ती बारीक वळण घ्यायला वेळ घेतात. त्यातून चाळिशी लागलेली आणि चष्मा नसलेला! मंद दिव्याखाली बारीक छपाईचे पुस्तक पुढे ठेवून ‘यांच्या डोक्यात शिरत नाही’ असा निष्कर्ष काढणारे कितीतरी विद्वान आपल्याकडे आहेत. आधी चष्मा द्या, मोठे अक्षर द्या, डोक्यावर लख्ख दिवा लावा. मग बोला बुद्धीविषयी.

आणि बुद्धी तर तिच्याकडे आहेच. हजार बिड्यांच्या मजुरीतून छाट वजा करून हातात किती पडायला हवे, हे ती कागदाशिवाय मांडते. पावकी-निमकी न पढता दीडपट-अडीचपट करते. वस्तीतल्या वीस घरांची देणी-घेणी तिच्या स्मरणात असतात. बालकाला संख्या आणि संख्येचे चिन्ह दोन्ही द्यावे लागते. तिला फक्त चिन्ह हवे आहे, संख्या तिची स्वतःची आहे. बालकाला जग ओळखीचे करून द्यायचे असते. तिला जग पुरते ठाऊक आहे. त्या जगाविषयी कागदावर काय लिहिले जाते, तेवढेच तिच्यापासून लपवून ठेवले गेले.

ज्यांना संशय वाटत असेल त्यांनी याच नागपूरचा इतिहास आठवावा. २० जुलै १९४२ रोजी मोहन पार्कात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या, मार्गदर्शनाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते आणि समोर हजारो स्त्रियांचा सागर होता. गिरण्यांत, बिडी कारखान्यांत, नगरपालिकांत आणि रेल्वेत राबणाऱ्या स्त्रियांना रजा मिळावी, निवृत्तिवेतन मिळावे, घटस्फोटाचा अधिकार असावा, बहुपत्नीत्वाला कायद्याने आळा बसावा, असे ठराव त्या परिषदेने केले. त्या मांडवात बसलेल्या कितीतरी जणींना अक्षरओळख नव्हती. तरीही देशाच्या संसदेला जे पुढे अनेक वर्षांनी उमगले, ते त्यांनी त्या दिवशी हात उंचावून मंजूर केले. त्यांना अज्ञानी म्हणण्याची छाती कोणाची आहे?

त्याच्याही आधी, कामठी-नागपूरच्या वाटेवर ओझी वाहणारी जाईबाई चौधरी नावाची एक मुलगी शिकली आणि शिक्षिका झाली. अस्पृश्य बाई आमच्या मुलांना शिकवते म्हणून आरडाओरडा झाला, तिची नोकरी गेली, आणि तिने १९२२ साली आपल्या वस्तीतल्या मुलींसाठी संत चोखामेळ्याच्या नावाने स्वतःची शाळा उभी केली. हमालीच्या पाटीखालून शिक्षिकेच्या खुर्चीपर्यंतचा हा प्रवास याच मातीत झाला. तुम्ही तिचे वारस आहात. वारसा केवळ जयंतीच्या मिरवणुकीत मिरवायचा असतो काय?

आता सहीविषयी बोलू, कारण तिथे फार मोठी फसवणूक दडली आहे. आपल्या बहुतेक साक्षरता मोहिमा सहीपाशी पोहोचल्या की विजयाचा जल्लोष करतात. बाईला नाव काढता आले, छायाचित्र निघाले, संख्या वर गेली. पण विचार करा. अंगठा उठवणाऱ्याला कागद वाचून दाखवावा, साक्षीदाराने तसे नमूद करावे, अशी निदान रीत तरी आहे. सही करणाऱ्याने मात्र मजकूर वाचला, समजला आणि मान्य केला, असेच गृहीत धरले जाते. जिला फक्त स्वतःचे नाव काढता येते आणि वरचा मजकूर वाचता येत नाही, तिच्या हातून आपण अंगठ्याचे तोकडे संरक्षणही काढून घेतो आणि बदल्यात काहीच देत नाही. सावकाराच्या, ठेकेदाराच्या, शेत लिहून घेणाऱ्या भाऊबंदाच्या दृष्टीने अशी अर्धी साक्षर बाई सर्वांत सोयीची. म्हणून मी म्हणतो, सहीवर थांबणारे शिक्षण हे शिक्षणच नव्हे. कागदातली मेख जिला ओळखता येते आणि ‘मी यावर सही करणार नाही’ असे जी ठणकावून सांगू शकते, ती साक्षर.

पूर्वीच्या मोहिमांनी हा धडा दिलेला आहे. १९५९ साली साताऱ्यातून सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम पुढे राज्यभर गेली, गावोगावी ग्रामगौरव समारंभ झाले, आणि त्या मोहिमेत निष्ठेने राबलेल्या शिक्षकांना माझा नमस्कार आहे. पण समारंभानंतर जिथे वाचायला काही मिळाले नाही, तिथे अक्षरे पुसट झाली. आज केंद्राचा ‘उल्लास’ म्हणून ओळखला जाणारा नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी चालू आहे. पंधरा वर्षांपुढच्या निरक्षरांना स्वयंसेवकांनी शिकवायचे आणि शेवटी वाचन, लेखन, संख्याज्ञान मिळून १५० गुणांची चाचणी घ्यायची, अशी त्याची रचना. या चाचणीला आजी-आजोबा बसले की वृत्तपत्रे कौतुकाने छायाचित्रे छापतात. कौतुक पुरे. चाचणीच्या दुसऱ्या दिवशी त्या आजीच्या हातात वाचायला काय आहे?

साऱ्या जगात हा प्रश्न ज्यांनी नेमका ओळखला, त्यांत अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिनातल्या जॉन्स बेटावरच्या काळ्या लोकांचे नाव मी आदराने घेईन. तिथे मतदार म्हणून नोंद व्हायची तर राज्यघटनेचा उतारा वाचून दाखवावा लागे, आणि हा नियम काळ्या माणसाला मतपेटीपासून दूर ठेवण्यासाठीच वापरला जाई. १९५७च्या जानेवारीत तिथे प्रौढांचा वर्ग सुरू झाला. शिकवायला जाणीवपूर्वक व्यावसायिक शिक्षक घेतला नाही. केशभूषा करून पोट भरणाऱ्या बर्निस रॉबिन्सन या बाईला उभे केले. कारण शिक्षक प्रौढांना मुलांसारखे वागवतील, अशी धास्ती होती. बर्निसने प्राथमिक शाळेतले साहित्य पाहिले आणि ते पोरकट वाटल्याने बाजूला ठेवले. तिने समोरच्या माणसांना विचारले: तुम्हाला काय शिकायचे आहे? उत्तर आले: मनीऑर्डर भरायची आहे, नाव लिहायचे आहे, मतदार व्हायचे आहे. तिने तेच शिकवले. भिंतीवर संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा लावला आणि वर्ग संपेपर्यंत तो सर्वांना वाचता यावा असा निर्धार केला. एका दुकानाच्या मागच्या खोलीत सुरू झालेल्या या वर्गातून पुढे दक्षिणेत ठिकठिकाणी नागरिकत्वाच्या शाळा उभ्या राहिल्या आणि त्यांतून मतदार घडले, पुढारी घडले.

हे आपल्याला अपरिचित आहे काय? जोतीराव फुल्यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-कामगारांसाठी रात्रीची शाळा चालवली, तेव्हा जॉन्स बेटावरची माणसे अजून गुलामीत होती. मार्ग आपलाही होता. आपण तो वाटेतच सोडून दिला.

म्हणून, तरुणांनो, आता कर्तव्याचे बोलू. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर लाखो माणसे येतात आणि पुस्तकांच्या दालनांपुढे झुंबड उडते. त्या गर्दीत एखादी म्हातारी पदराच्या गाठीतून नोटा सोडवून ग्रंथ विकत घेते. स्वतःला वाचता येत नाही, तरी घेते, नातवासाठी घेते. त्या ग्रंथाची मालकीण ती आहे आणि तो तिला परका आहे. नातू तिला तो वाचून दाखवतो का? की मोबाइलमध्ये मान घालून बसतो? प्रश्न बोचरा आहे, पण तो मी विचारणारच.

नागपूरच्या वस्तीवस्तीत बुद्धविहार आहेत, समाजमंदिरे आहेत, मंडळांच्या खोल्या आहेत. वीज आहे, सतरंजी आहे, गणपती-जयंतीपुरती का होईना, माणसे जमवण्याची ताकद आहे. तिथे शिकवायला जा, पण गुरू होऊन जाऊ नका. समोरच्या बाईला मावशी म्हणा, काकू म्हणा, आणि मनापासून म्हणा. सतरंजीवर तिच्या बरोबरीने बसा. तिला दिवसा कामावरून बोलवू नका. तिची मजुरी बुडेल असा एकही तास मागू नका. पाठांतर, हजेरी आणि शिक्षा बालवाडीतही नको असतात, इथे तर पाप आहेत. तिने बोललेले वाक्य तुम्ही मोठ्या अक्षरात लिहा आणि तेच तिला वाचायला द्या. स्वतःचे बोलणे कागदावर उमटलेले पाहताना माणसाच्या चेहऱ्यावर जे उमटते, ते कोणत्याही प्रवेशिकेच्या पहिल्या पानाला साधत नाही. पहिला शब्द तिच्या कामातून घ्या: मजुरी, हजेरी, छाट, भाडे, मीटर. ‘छाट’ लिहिता येऊ लागली की किती छाट न्याय्य आणि किती लूट, ही चर्चा आपोआप निघेल. ती निघाली की घाबरू नका. बिडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला होता, घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा २००८ सालचा कायदा आहे. मोलकरणींनी मोर्चे काढून हा कायदा मिळवला, आणि नोंदणीचा अर्ज मात्र दुसऱ्याकडून भरून घ्यावा लागतो! तो अर्ज हे तुमचे दुसरे पाठ्यपुस्तक.

एकट्याने जाऊ नका. महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेतले तुमचे सोबती, संघटनेतले कार्यकर्ते, निवृत्त झालेला शेजारचा क्लार्क, सगळ्यांना बरोबर घ्या. आणि शिकवता शिकवता शिकाही. तेंदूपत्ता कधी तोडतात, सासरच्या छळातून बाहेर पडून कोर्टाची पायरी कशी चढतात, संप मोडू पाहणाऱ्याला वस्ती कसा जाब विचारते, हे तुम्हाला कोणत्याही विद्यापीठाने शिकवलेले नाही. एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली, २००२ साली संपली, आज तिच्या जागेवर झगमगता मॉल उभा आहे. तिथल्या यंत्रांवर ज्यांची उमर गेली, त्यांच्या मुखातला इतिहास कोण लिहून घेणार? ते लिहायला शिकले तर तेच लिहितील, आणि तुमच्यापेक्षा चांगला लिहितील.

आजपासूनच आरंभ करा, आणि स्वतःच्या घरापासून करा. आई कामावरून येईल, हातपाय धुईल, जेवणे होतील. मग तिच्यापुढे पाटी ठेवू नका. महावितरणचे या महिन्याचे बिल ठेवा आणि विचारा, आई, यातले तुला काय वाचायचे आहे?